दोन इंजिनांचं विमान: जोडी निवडताना

दोन इंजिनांचं रेडिओ-नियंत्रित विमान बांधायला घेणाऱ्याच्या मनात एक समजूत पक्की असते: एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं आहेच. आधी याचाच हिशेब करू. समजा, तुमचं इंजिन वीस उड्डाणांत एकदा हवेत दगा देतं. एका इंजिनाच्या विमानात वीस उड्डाणांमागे एकदाच तुमची तारांबळ उडेल. तसलीच दोन इंजिनं लावली, तर दोन्ही शेवटपर्यंत चालण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या ९५ टक्के, म्हणजे ९० टक्क्यांच्या जेमतेम वर राहते. साधारण दहा उड्डाणांत एकदा कुठलं तरी एक बंद पडणार. संकट दुपटीने येणार, आणि येईल तेही जास्त वाईट. एका इंजिनाचं विमान इंजिन बंद पडल्यावर सरळ तरंगत खाली येतं. दोन इंजिनांचं विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळतं, त्या बाजूचा पंख पाडतं आणि सावरलं नाही तर गिरकी घेत जमिनीवर आदळतं.

म्हणून या प्रकरणात 'किती ताकदीचं इंजिन घ्यावं' हा प्रश्न आपण दुसऱ्या क्रमांकावर ठेवणार आहोत. पहिला प्रश्न असा: एक बंद पडलं, तर उरलेल्या एकावर विमान घरी येईल का? चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी धार येते. इथला उन्हाळा हवा विरळ करतो, मैदान सोडलं की लगेच साग-बांबूचं जंगल लागतं, आणि तुटलेला सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

डाकोटाने घालून दिलेला धडा

हा प्रश्न आधी मोठ्या विमानांनी सोडवला. त्या उत्तराचा विदर्भाशीही संबंध आहे. १९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पुन्हा आपापल्या वाटेला लागायची. ही विमानं डाकोटा जातीची, सुमारे १,२०० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांची होती.

डाकोटाच्या घराण्याची सुरुवात एका अटीतून झाली. १९३२ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीने नव्या प्रवासी विमानाची मागणी कारखान्यांकडे पाठवली. विमान तीन इंजिनांचं असावं आणि पूर्ण भार घेऊन उडताना त्यातलं कुठलंही एक बंद पडलं तरी ते सुखरूप वर जावं, असं त्यात म्हटलं होतं. डग्लस कंपनीने ही अट दोनच इंजिनांत पूर्ण करायचं ठरवलं. १९३३ मध्ये डीसी-१ या पहिल्या विमानाची चाचणी ॲरिझोना राज्यातल्या विन्सलोला घेतली गेली. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, म्हणजे विरळ हवेचा. उड्डाणाच्या वेळीच एक इंजिन बंद करण्यात आलं. विमान उरलेल्या इंजिनावर चढलं आणि थेट अल्बुकर्कीला जाऊन उतरलं. पुढे याच आराखड्यातून डीसी-३, म्हणजे आपली डाकोटा, तयार झाली.

डग्लसच्या अभियंत्यांनी दोन इंजिनांची ताकद एका इंजिनाच्या गरजेवरून ठरवली होती. मॉडेललाही हाच नियम लागू होतो. फरक इतकाच, की मॉडेलमध्ये वैमानिक आत बसलेला नसतो. कुठलं इंजिन गेलं हे त्याला दीडशे मीटर दूर उभं राहून ओळखायचं असतं.

कागदावर बघू

एक ठोस उदाहरण घेऊ. विमान दोन किलोच्या आतलं, प्रत्येक मोटरचा पूर्ण ओढा सुमारे १ किलो. मोटर धडाच्या मध्यरेषेपासून २० सेंटिमीटर दूर. उजवी मोटर बंद पडली, की डावी एकटी १ किलो गुणिले २० सेंटिमीटर इतक्या जोराने विमानाचं नाक उजवीकडे फिरवते. हे फिरणं रोखायचं काम शेपटीवरच्या उभ्या पट्टीचं आणि रडरचं. ती पट्टी गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटर मागे असेल, तर तिने सुमारे २८५ ग्रॅमचा आडवा जोर लावायला हवा.

पट्टी हा जोर हवेतून मिळवते, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २ चौरस डेसिमीटरची पट्टी रडर पूर्ण वळवून एवढा जोर द्यायला विमानाचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास लागतो. हेच विमान साध्या सरळ उड्डाणात ताशी ३५ पर्यंत तग धरतं. म्हणजे ३५ ते ६४ हा पट्टा धोक्याचा. या पट्ट्यात एक मोटर गेली आणि दुसरी पूर्ण जोरात राहिली, तर रडर कितीही दाबा, विमान वळणारच. वैमानिक ६४ च्या या आकड्याला किमान नियंत्रण वेग म्हणतात. उड्डाण घेतल्यानंतरचे पहिले काही सेकंद विमान नेमकं याच पट्ट्यात असतं, आणि इंजिन बहुधा तेव्हाच दगा देतं.

आता उरलेल्या मोटरचा ओढा निम्मा करून बघा. किमान नियंत्रण वेग ताशी ४५ वर उतरतो आणि विमान हातात राहतं. म्हणून एक इंजिन गेलं की पहिलं काम थ्रॉटल खाली आणणं. नवशिक्याचा हात घाबरून नेमका उलटा चालतो: विमान खाली यायला लागलं की तो थ्रॉटल वर ढकलतो, आणि तिथेच विमान गमावतो.

या गणितातून निवडीचे दोन नियम निघतात. पहिला, गरजेपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन दोन इंजिनांच्या विमानात धोका वाढवतं, कारण एक गेल्यावर दुसरं तेवढ्याच जास्त जोराने विमान फिरवतं. दुसरा, इंजिनं धडाच्या जितकी जवळ तितकं बरं. ९ इंची प्रोपेलरची त्रिज्या साडेअकरा सेंटिमीटर, धडाची निम्मी रुंदी ५ आणि मधलं अंतर २ धरलं, तर १८.५ सेंटिमीटरच्या आत जाता येत नाही. प्रोपेलर मोठा निवडला की इंजिन आपोआप दूर सरकतं. म्हणून इंजिन आणि प्रोपेलर यांचा विचार एकत्रच करावा लागतो. आणखी एक सोपा उपाय म्हणजे दोन्ही इंजिनांची तोंडं दोन-तीन अंश बाहेरच्या बाजूला वळवून बसवणं. त्यामुळे उरलेल्या इंजिनाच्या ओढ्याची रेषा गुरुत्वमध्याच्या जवळून जाते आणि नाक फिरवण्याचा जोर कमी होतो.

वजनाची वेस

ताकद ठरवण्याआधी वजन ठरवा. भारतात याला कायद्याचंही कारण आहे. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं विमान 'मायक्रो' वर्गात मोडतं. या वर्गातलं विमान व्यवसायासाठी उडवत नसाल, तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. छंदासाठी, शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांना प्रकार-प्रमाणपत्राचीही सूट आहे. नोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो. म्हणून पहिलं दोन इंजिनांचं विमान बॅटरीसकट १.९ किलोत बसवावं.

वजन हाताबाहेर गेलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. डीआरडीओचं 'तापस' हे दोन इंजिनांचं मानवरहित विमान १५ नोव्हेंबर २०१६ रोजी कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यातून पहिल्यांदा उडालं. आधी त्याला रशियन टर्बोप्रॉप इंजिनं होती, पुढे ऑस्ट्रियन बनावटीची १८० अश्वशक्तीची डिझेल इंजिनं आली. विमानाचं वजन ठरवलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त भरलं, आणि ३०,००० फूट उंचीवर २४ तास राहण्याची अट त्याला पुरी करता आली नाही. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेला जे जड गेलं, ते गावच्या वर्कशॉपमध्ये बाल्सा आणि कोरोप्लास्ट कापणाऱ्यालाही जड जातं. इंजिन मोठं केलं की त्याला पेलणारी चौकट जाड होते, पंखाचा कणा जाड होतो, चाकं मोठी लागतात, आणि वाढवलेली ताकद ते वजन उचलण्यातच खर्च होते.

मे महिन्यातली हवा

पॅकेटवर छापलेला ओढ्याचा आकडा साधारण थंड, समुद्रसपाटीच्या हवेचा असतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटर उंच, त्यामुळे उंचीचा प्रश्न नाही. प्रश्न उष्णतेचा आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त शहरांच्या यादीत असतात. पारा ४५ च्या वर जाणं इथे बातमी नाही.

४५ अंशांना इथली हवा घनमीटरला सुमारे १.०९ किलो भरते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना तीच १.२१ भरते. म्हणजे हवा दहा टक्क्यांनी पातळ. मेच्या दुपारी चंद्रपूरला उडवलेलं विमान प्रमाण हवामानात सव्वा हजार मीटर उंचीवर, म्हणजे पाचगणीच्या पठाराइतक्या उंचीवर उडवल्यासारखं वागतं. प्रोपेलर तेवढ्याच फेऱ्यांना दहा टक्के कमी ओढतो. पंखाला तेवढंच वजन उचलायला पाच-सहा टक्के जास्त वेग लागतो, धावपट्टी लांब लागते. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी नुकसान होतं: इंजिन कमी देतं आणि विमान जास्त मागतं.

म्हणून हिशेबात सुरुवातीलाच १० ते १५ टक्के उन्हाळ्याचे म्हणून जास्त धरावेत. त्याहून जास्त नको. जास्त ताकदीचा धोका वर पाहिलाच. आणि खरं सांगायचं, तर इथे नवं विमान पहिल्यांदा उडवायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते दहा. हवा जड, वारा शांत, डोळ्यांवर ऊन नाही.

ग्लो की इलेक्ट्रिक?

मॉडेलसाठी आज दोन मुख्य पर्याय आहेत. एक ग्लो इंजिन: मेथॅनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारं, प्लॅटिनमच्या तारेचा ग्लो प्लग असलेलं. दुसरी ब्रशलेस विद्युत मोटर, लिथियम-पॉलिमर म्हणजे लिपो बॅटरीवर चालणारी.

ग्लो इंजिनांचा आकार घनइंचात सांगतात. '.४०' म्हणजे साडेसहा सीसी, '.२५' म्हणजे चार सीसी. एका इंजिनाला .४० लागणाऱ्या विमानाला जोडीत .२० ते .२५ ची दोन पुरतात. बरोब्बर निम्मं न घेता थोडं जास्त घ्यायचं कारण असं, की लहान प्रोपेलर मोठ्याइतक्या कार्यक्षमतेने ओढत नाही. ग्लोचा आवाज, धूर, एरंडेलाचा वास याला चाहते आहेत, आणि त्यात चूक काही नाही. पण दोन इंजिनांच्या विमानात ग्लोची एक उणीव मोठी ठरते: प्रत्येक इंजिनाची टाकी वेगळी, सुई वेगळी, प्लग वेगळा. दोन्ही एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत, म्हणून ती वेगवेगळ्या वेळी बंद पडतात. हवेतली आर्द्रता मेथॅनॉल ओढून घेतं. गडचिरोलीच्या पावसाळ्यात नीट बंद न केलेला कॅन पुढच्या उड्डाणाला इंजिन बिघडवायला पुरेसा असतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा भागात नवं इंधन मागवणं दूरच, पण मेथॅनॉल विषारी असल्याने त्याची खरेदी आणि साठवण एरवीही सरळ नाही.

विद्युत जोडीत दोन्ही मोटरी एकाच बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरली तर दोन्ही एकदम मंदावतात, विमान सरळ राहतं आणि तुम्ही ते तरंगत उतरवता. एकच मोटर जाण्याची शक्यता सैल जोड, जळालेला ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा नियंत्रक) किंवा तुटलेला प्रोपेलर एवढ्यापुरती उरते, आणि या तिन्ही गोष्टी जमिनीवर तपासता येतात. शिवाय दोन किलोच्या मर्यादेत .२५ ची दोन ग्लो इंजिनं, सायलेन्सर, टाक्या, इंधन आणि दोन थ्रॉटल सर्व्हो बसवणं कठीणच. सायलेन्सरसह एकेक इंजिनच पाव किलोच्या घरात जातं.

विद्युत जोडीचा हिशेब

आपलं विमान १.९ किलोचं. शांतपणे उडणाऱ्या विमानाला किलोमागे १५० ते २०० वॉट पुरतात, जरा चपळ उडवायचं तर २५० च्या आसपास. उन्हाळ्याची सूट धरून आपण एकूण ५०० वॉट घेऊ, म्हणजे प्रत्येक मोटरला २५०.

चार सेलची बॅटरी घेतली, की सेलमागे ३.७ प्रमाणे १४.८ व्होल्ट मिळतात. २५० भागिले १४.८, म्हणजे प्रत्येक मोटर साधारण १७ अँपिअर ओढणार. ईएससी ३० अँपिअरचा घ्यावा. वीसचा चालेल असं पॅकेट सांगेल, पण पॅकेट मेमध्ये चंद्रपूरला आलेलं नसतं. मोटर सुमारे १,००० केव्हीची, म्हणजे प्रत्येक व्होल्टमागे भार नसताना मिनिटाला १,००० फेऱ्यांची. ९ गुणिले ६ चा प्रोपेलर लावल्यावर ती साडेदहा हजार फेऱ्यांपर्यंत येईल. सहा इंच पिच, म्हणजे एका फेरीत सहा इंच पुढे, या हिशेबाने तो ताशी ९६ किलोमीटर वेगाने हवा कापू पाहतो. ताशी ३५ ला तरंगणाऱ्या विमानासाठी हे प्रमाण चांगलं आहे.

३,३०० एमएएचच्या बॅटरीतली ८० टक्के वीजच वापरायची. सरासरी १८ अँपिअर धरले तर नऊ मिनिटांच्या आत खेळ संपतो. ट्रान्समीटरचा गजर सात मिनिटांवर लावा. मोटरी, ईएससी आणि बॅटरी मिळून पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत.

आता मूळ प्रश्नाकडे: एकावर घरी येईल का? उरलेल्या मोटरचा ओढा निम्मा ठेवायचा, तेव्हा तिला सुमारे ९० वॉट लागतात. एवढ्या ताकदीवर हे विमान ताशी ४५ ला कशीबशी उंची राखतं. चढणार नाही, मोठी वळणं झेपणार नाहीत. पण मैदानावर उंची असताना मोटर गेली, तर जिवंत इंजिनाच्या बाजूने रुंद वळण घेऊन ते उतरेल. मोठ्या विमानांचीही गत फार वेगळी नाही. लहान दुइंजिनी प्रवासी विमानात निम्मी ताकद गेली की चढण्याचा वेग निम्मा होत नाही, ८० टक्के किंवा त्याहून जास्त घटतो, कारण चढाई सरळ उड्डाणातून उरलेल्या शिलकीवरच होते.

जोडणीतल्या चार गोष्टी मात्र चुकवू नका. दोन्ही ईएससींमधून रिसीव्हरला वीज जाते. त्यातल्या एकाची लाल तार काढून टाका, नाहीतर दोन स्रोत एकमेकांशी भांडतात. बॅटरी एकच घ्या. दोन वापरायच्याच असतील तर एकसारख्या घेऊन समांतर जोडा. डावीला एक, उजवीला एक अशी वाटणी केली की ग्लोचाच दोष पुन्हा ओढवून घेतला. तारा लांबवायच्या असतील तर ईएससी ते मोटर या बाजूच्या लांबवा, बॅटरीकडच्या आखूड ठेवा. आणि हवा आत येते त्यापेक्षा बाहेर जाण्याचं भोक मोठं ठेवा, नाहीतर ईएससी तापून स्वतःच बंद होईल.

विद्युत मोटरची आणखी एक सोय आहे. तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. एक मोटर उलटी करून तिला उलट्या पिचचा प्रोपेलर लावला, की दोघींचे मरोड एकमेकांना खोडतात आणि उड्डाणात विमान डावीकडे ओढत नाही. ग्लोमध्ये उलटं फिरणारं इंजिन शोधूनही मिळणं कठीण.

ग्लोच हवं असेल तर

हौसेला मोल नसतं. ग्लो वापरणाऱ्याने ताकद विसरून फक्त भरवशावर निवड करावी. नव्या-जुन्याची जोडी लावू नये. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन इंजिनं घ्यावीत आणि दोन्ही स्टँडवर सारखी रुळवावीत. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीत ठेवावी. सुई फिरवून इंजिन सर्वांत जास्त फेऱ्यांवर आणायचं, आणि मग दोन-तीनशे फेऱ्या कमी होईपर्यंत मिश्रण गडद करायचं. त्यानंतर विमान हातात घट्ट धरून, पूर्ण थ्रॉटलवर नाक आकाशाकडे करायचं. एखादं इंजिन कुरकुरलं तर त्याची सुई अजून उघडायची. जमिनीवर सुरेख पळणारं इंजिन चढाईत इंधन कमी पडून बंद पडतं, ते याच चाचणीत पकडलं जातं.

जोडी सारखी असणं म्हणजे काय

दोन्ही इंजिनांचा सूर जुळवण्यात नवशिके तासन्‌तास घालवतात. टॅकोमीटर नसला तरी कान पुरतो. एक इंजिन १०,५०० आणि दुसरं १०,३८० फेऱ्यांवर असेल, तर दोन पात्यांच्या प्रोपेलरांतून सेकंदाला चार वेळा 'घुंव घुंव' असा चढउतार ऐकू येतो. फेऱ्या जवळ आल्या की हा चढउतार मंद होतो. ऐकायला छान, पण एवढ्या फरकाने ओढ्यात दोन-अडीच टक्क्यांचाच बदल होतो, आणि तो ट्रिमच्या एका टिचकीत जातो. बैलजोडीतला एक जरा पुढे चालला तर नांगरट थांबत नाही. एक बसला तर थांबते. म्हणून सूर जुळवण्यात घालवायचा वेळ सोल्डर, बुलेट कनेक्टर आणि प्रोपेलरचे नट तपासण्यात घालवावा.

सारखेपणा खरेदीतही पाळावा. मोटरी, ईएससी, प्रोपेलर कुरिअरने येतात. लिपो बॅटरी आगीच्या धोक्यामुळे बहुधा रस्त्यानेच, उशिरा येते. दोन मोटरी लागतात म्हणून तीन मागवा, ईएससीही तीन. चार महिन्यांनी एक जळाली, तेव्हा तेच मॉडेल बाजारात असेलच असं नाही, आणि वेगळी मोटर लावून जोडी पुन्हा जमवणं नव्या विमानाइतकंच कष्टाचं असतं.

कुठे उडवायचं

निवड कितीही चोख केली तरी इंजिन कधीतरी बंद पडणार, म्हणून ते कशावर पडेल याचाही विचार हवा. झाडीपट्टीत धानाच्या बांध्या कापणीनंतर मोकळ्या दिसतात, पण प्रत्येक बांधीला धुरा असतो आणि त्यावर चाकं मोडतात. उन्हाळ्यात आटलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पात्र किंवा गावचं क्रीडांगण त्यापेक्षा बरं. चारही बाजूंना किमान दोनशे मीटर मोकळी जागा असावी आणि उड्डाणाची दिशा झाडांपासून दूर असावी.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा हंगाम. याच काळात मोहफुलं वेचली जातात, तेंदूपानं तोडली जातात, माणसं पहाटेपासून जंगलात असतात आणि सागाचा वाळलेला पाचोळा घोट्याएवढा साचलेला असतो. फुटलेली लिपो किंवा सांडलेलं मेथॅनॉल या पाचोळ्यात पडलं, तर नुकसान विमानापुरतं राहणार नाही. मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसतही नाही. जंगलालगत या चार महिन्यांत उडवूच नये. उडवण्याच्या जागीही पाण्याचा कॅन आणि वाळूची बादली हवीच. बॅटरी बंद गाडीत उन्हात ठेवू नये. ६० अंशांच्या वर लिपोचा भरवसा नाही.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चपराळा, भामरागड अशा संरक्षित क्षेत्रांच्या आत आणि लगत परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही. चंद्रपूरजवळच्या मोरवा इथल्या धावपट्टीच्या परिसरालाही हेच लागू. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे आधी पाहा. हिरव्या पट्ट्यातही मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची आहे. गडचिरोली जिल्ह्यात तर स्थानिक पोलीस ठाण्याला आगाऊ कळवल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करू नये. आकाशात घरघरणारी अनोळखी वस्तू तिथे कुणी खेळणं समजत नाही.

निवाडा

चंद्रपूर-गडचिरोलीत पहिलं दोन इंजिनांचं विमान बांधणाऱ्याने विद्युत मोटरीच घ्याव्यात: दोन किलोच्या आतलं विमान, २५० वॉटच्या दोन सारख्या मोटरी, ३० अँपिअरचे ईएससी, एकच बॅटरी, ९ इंची प्रोपेलर, आणि तिसरी मोटर पेटीत. ग्लोची हौस दुसऱ्या विमानावर भागवावी. जोडी पंखावर चढवण्याआधी त्यातली एक मोटर तिला झेपेल अशा हलक्या, एका इंजिनाच्या विमानावर महिनाभर उडवून बघा. तिथे ती एकदाही बंद पडली नाही, तरच दुसरी लावा. आणि पहिल्या उड्डाणाआधी हाताला एक सवय लावून घ्या: विमान एका बाजूला ओढलं, की आधी थ्रॉटल खाली.